नदीच्या नावे मांडलेला खर्च

(खडकी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संकलित पाठ)



आजच्या व्याख्यानासाठी 'मानवी व्यवहारांमुळे होणारे प्रदूषण : कारणे आणि परिणाम' असा विषय आपण मला दिला आहे. विषय महत्त्वाचाच आहे. परंतु त्यातील 'मानवी' ह्या शब्दापाशी प्रथम थोडे थांबावे असे मला वाटते. शाळेच्या क्रमिक पुस्तकापासून सरकारी जाहिरातीपर्यंत सर्वत्र आपण हेच ऐकत आलो आहोत की, माणसाने निसर्गाची हानी केली, माणूस हावरट झाला, माणसाने आता तरी जागे व्हावे. कानाला हे फार सात्त्विक वाटते. पण हा माणूस कोण? नाल्याकाठच्या पत्र्याच्या खोलीत राहणारी मोलकरीण आणि तोच नाला बुजवून त्यावर इमारत उठवणारा विकासक, हे दोघे ह्या 'माणसा'त सारखेच मोडतात काय? सर्वांना सारखे अपराधी ठरवले, की कोणालाच जाब विचारता येत नाही. पापाची वाटणी इतकी समान झाली, की पापाचे भांडवल कोणी केले हे विसरले जाते.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने हा प्रश्न निराळ्या रीतीने विचारला पाहिजे. एखाद्या व्यवहाराचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, त्याचा खर्च कोणाच्या माथी बसतो आणि हा खर्च एकाकडून दुसऱ्याकडे कोणत्या वाटेने जातो? माझे प्रतिपादन थोडक्यात असे की, प्रदूषण म्हणजे एकाने करून दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेला खर्च होय. आणि पाण्याप्रमाणेच हा खर्चही नेहमी उताराकडे वाहतो : श्रीमंताकडून गरिबाकडे, शहराकडून खेड्याकडे, आजच्या पिढीकडून उद्याच्या पिढीकडे.

वरचे पाणी गेले, खालचे आले

ह्याचे उदाहरण शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या खडकीला वळसा घालून जाणारी मुळा नदीच घ्या. १८१७ च्या नोव्हेंबरात ह्या परिसरात लढाई झाली, पेशवाईचा अस्त जवळ आला आणि इंग्रजांची छावणी येथे वसली. १८६९ साली दारूगोळा कारखाना निघाला, १९४० साली स्फोटक द्रव्यांचा कारखाना आला. कारखान्याच्या भोंग्यावर उठणारी आणि भोंग्यावर निजणारी कामगारांची वस्ती तेव्हापासून ह्या नदीच्या आसऱ्याने वाढत गेली.

ही मुळा येते मुळशीच्या डोंगरांतून. परंतु तेथले बरेचसे पाणी खडकीपर्यंत पोचतच नाही. मुंबईच्या गिरण्यांना व कारखान्यांना वीज हवी होती, म्हणून टाटा कंपनीने मुळशीला धरण बांधण्यास घेतले. सुमारे पन्नास गावांच्या जमिनीवर संकट आले आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळच्या शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ ह्या काळात सत्याग्रह केला. भारतातील धरणग्रस्तांच्या पहिल्या मोठ्या लढ्यांत त्याची गणना होते. सत्याग्रह मोडला, धरण झाले. १९२७ पासून ते पाणी सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावरून भिरा येथील वीजघरावर सोडले जाते. तेथे वीज तयार होऊन मुंबईकडे जाते आणि पाणी कुंडलिकेच्या वाटेने अरबी समुद्राला मिळते. म्हणजे जे पाणी पूर्वेकडे वाहत येऊन आपल्या दारावरून जावयाचे, ते शंभर वर्षांपूर्वीच दुसऱ्या दिशेला वळवले गेले. पावसाळा सोडला, तर नदीचा मूळ प्रवाहच क्षीण झाला.

आता खालच्या बाजूस पाहा. दापोडीजवळ पवना नदी मुळेला येऊन मिळते. पवनेच्या काठी १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी ही खेडी पाहता पाहता कारखान्यांचे शहर झाली. ह्या शहराने पवनेचे स्वच्छ पाणी वरच्या अंगाला उचलले आणि वापरून घाण झालेले पाणी खालच्या अंगाला सोडले. ते उचलणेही सुखासुखी झालेले नाही. पवना धरणातून थेट बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेस विरोध करणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात तीन जण प्राणास मुकले. मुळशीपासून बऊरपर्यंत नव्वद वर्षे लोटली. धरणाखालच्या माणसाला विचारण्याची पद्धत मात्र फारशी बदलली नाही.

तेव्हा खडकीला उन्हाळ्यात जी नदी दिसते, तिच्यातील पाणी मुख्यतः वरच्या वस्त्यांचे सांडपाणी आहे. नदी मलिन झाली, असे आपण म्हणतो. अधिक काटेकोरपणे बोलायचे, तर नदीचे पाणी काढून घेतले गेले आणि रिकाम्या पात्राचा उपयोग गटार म्हणून सुरू झाला.

साधा हिशेब

ह्याला किती प्रमाण आहे, हे समजण्यासाठी एक साधा हिशेब करू. पुणे महानगरपालिकेस खडकवासल्याच्या धरणसाखळीतून वर्षाला साडेअकरा टी.एम.सी. पाण्याचा कोटा ठरवून देण्यात आला होता. प्रत्यक्ष उचल कित्येक वर्षे त्याहून पुष्कळ अधिक होत आली आहे. तरी आपण मंजूर आकडाच धरू. एक टी.एम.सी. म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. त्या मानाने रोजचे सुमारे ८९ कोटी लिटर पाणी झाले. शहराला दिलेल्या पाण्यापैकी ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरून चालतात. म्हणजे रोज ७१ कोटी लिटर. महापालिकेच्या जुन्या शुद्धीकरण केंद्रांची कागदावरील क्षमता रोजची ४७ कोटी ७० लक्ष लिटर. ती केंद्रे दिवसरात्र पूर्ण ताकदीने चालली असे मानले, तरी उरले जवळजवळ २४ कोटी लिटर. दहा हजार लिटरचे चोवीस हजार टँकर भरून मैलापाणी रोज नदीत ओतावे, तसा हा प्रकार झाला. आणि ह्यात पिंपरी-चिंचवडचा हिशेब धरलेलाच नाही.

ही तूट भरून काढण्यासाठी जपानच्या अर्थसाहाय्याने अकरा नवी केंद्रे उभारण्याची सुमारे ९९० कोटी रुपयांची योजना जानेवारी २०१६ मध्ये मंजूर झाली. त्यांची एकत्रित क्षमता रोजची ३९ कोटी ६० लक्ष लिटर. योजना चांगली होती, ८५ टक्के पैसा केंद्राकडून मिळावयाचा होता. तरीही २०२२ ची मुदत उलटून गेली, तेव्हा केंद्रे उभी नव्हती. ह्या विलंबाच्या प्रत्येक दिवसाचे व्याज कोणी भरले? ते महापालिकेच्या अंदाजपत्रकात आढळणार नाही. ते नदीने भरले आणि नदीकाठच्या लोकांनी भरले.

पाण्यात काय घडते, तेही नीट समजून घेतले पाहिजे. मैल्यातील सेंद्रिय द्रव्य हे जिवाणूंचे खाद्य होय. ते खाताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. घाण बेताची असेल, तर वाहते पाणी हवेतून तो प्राणवायू पुन्हा मिळवते आणि नदी स्वतःला स्वच्छ करते. नदी सर्व काही पोटात घालते, ही आपल्या पूर्वजांची समजूत त्या मर्यादेपुरती खरी होती. घाण मर्यादेबाहेर गेली, की प्राणवायू संपतो, मासे मरतात आणि प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू दुर्गंधी सोडू लागतात. साबणचुऱ्यातील फॉस्फेट व मैल्यातील नत्र ह्यांच्या खतावर जलपर्णी माजते. जलपर्णीच्या आडोशाला डास वाढतात आणि त्या डासांचा बंदोबस्त करण्यासाठी पुन्हा औषधफवारणीचा खर्च येतो. कारखान्यांतील जड धातूंचे तर जिवाणूंनाही काही करता येत नाही. ते गाळात साचतात, तेथून माशांत आणि भाजीपाल्यात उतरतात.

उताराची दिशा

ही घाण खडकीला थांबत नाही. संगमावर मुळा-मुठा एक होतात, पुढे त्या भीमेला मिळतात आणि भीमा उजनीच्या धरणात येते. १९८० साली पूर्ण झालेले हे धरण सोलापूर जिल्ह्याची जीवनरेखा आहे. सोलापूर शहर तेथील पाणी पिते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ह्या दोन श्रीमंत शहरांनी जे सोडले, ते शुद्ध करून पिण्याचा खर्च गिरण्या बंद पडलेल्या सोलापूरच्या नगरपित्यांनी करावयाचा, असा हा न्याय आहे. उजनीच्याही खाली पंढरपूर. आषाढीला लाखो वारकरी ज्या चंद्रभागेत स्नान करतात, ती हीच भीमा. २०१६ साली राज्य शासनाने 'नमामि चंद्रभागा' अशी योजना जाहीर केली आणि २०२२ पर्यंत नदी निर्मळ करण्याचा संकल्प सोडला. पंढरपूरच्या वाळवंटात कितीही झाडू मारले, तरी पुण्याचे नाले जोवर उघडे आहेत तोवर चंद्रभागा निर्मळ होणे नाही.

केवळ पाण्याचेच असे नाही. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी ह्या गावांच्या माथी मारण्यात आला. तेथल्या विहिरी नासल्या, लोकांना टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले. कचरा करणारा वेगळा, त्याचा वास घेणारा वेगळा.

शहराच्या आतही उतार आहेतच. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी ह्या भागांत गीयाँ-बारे ह्या मज्जातंतूंच्या विकाराची साथ आली. संशयित व निश्चित मिळून दोनशेहून अधिक रुग्ण झाले, काहींचे हातपाय लुळे पडले, काही दगावले. दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणाऱ्या जिवाणूचा त्यामागे हात असल्याचे तपासात दिसून आले. हा भाग महापालिकेच्या हद्दीत नव्याने आलेला. कर लागू झाला, इमारती उठल्या, पण शुद्ध पाण्याची व्यवस्था मागेच राहिली. आणि ह्या साऱ्या घाणीच्या तळाशी गटारात व मैल्याच्या टाकीत उतरणारा कामगार आहे. माणसाकडून असे काम करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी असताना २०२२ साली वाघोलीच्या एका गृहसंकुलात टाकी साफ करताना कामगार गुदमरून मेले. ते कोणत्या समाजातले असतात, हे मी आपल्याला सांगण्याची आवश्यकता नाही. प्रदूषणाचा उतार आपल्या देशात जातीच्या उतरंडीवरूनच जातो.

ताळेबंदात न दिसणारा आकडा

आता थोडे सिद्धांताकडे वळू. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ह्या गोष्टीला 'बाह्य परिणाम' म्हणतात. आर्थर पिगू ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली हे दाखवून दिले की, कारखान्याचा खासगी खर्च आणि समाजाला सोसावा लागणारा खर्च ह्यांत अंतर पडते आणि ते अंतर करांनी भरून काढले पाहिजे. परंतु हा परिणाम 'बाह्य' कोणाच्या दृष्टीने? कारखानदाराच्या हिशेबवहीच्या तो बाहेर आहे. काठावरच्या बाईच्या घरात तर तो थेट आत शिरलेला आहे. कार्ल विल्यम कॅप ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली ह्यापुढचे पाऊल टाकले. खासगी उद्योगाचे सामाजिक खर्च हा बाजारव्यवस्थेतील किरकोळ अपवाद नसून, खर्च दुसऱ्यावर ढकलणे हा नफा वाढवण्याचा नित्याचा मार्ग आहे, असे त्यांनी साधार मांडले.

ह्यामागची रीत समजायला अवघड नाही. सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवले, तर त्याला वीज लागते, रसायने लागतात, माणसे लागतात. आणि ह्या साऱ्या खर्चातून विकण्याजोगी एकही वस्तू तयार होत नाही. शेजारचा स्पर्धक हा खर्च चुकवत असेल, तर प्रामाणिक कारखानदार बाजारात मागे पडतो. सज्जन मालक आणि दुर्जन मालक असा हा प्रश्न नाही. चुकवेगिरीला बक्षीस देणारी व्यवस्था असेल, तर सज्जनालाही चुकवेगिरी शिकावी लागते. लंडन शहराचा मैला शेतीला खत म्हणून न देता, उलट पैसे खर्चून टेम्स नदीत सोडला जातो, ह्याकडे मार्क्सने एकोणिसाव्या शतकातच बोट दाखवले होते. शेतातून अन्न शहरात जाते आणि त्यातले सत्त्व शेतात परत न येता नदीत जाऊन विष होते. ही त्याची दृष्टी आजच्या पुण्याला आणि उजनीला जशीच्या तशी लागू पडते.

येथे समाजवाद्यांनी एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. मालकी सरकारकडे गेली म्हणजे प्रदूषण आपोआप थांबते, असा अनुभव नाही. सोव्हिएत रशियात कापसाच्या उत्पादनाचे आकडे गाठण्यासाठी अरल समुद्राला मिळणाऱ्या नद्या वळवल्या गेल्या आणि तो समुद्रच आटत गेला. खासगी कारखान्यात नफ्याच्या आकड्यापुढे नदी दिसत नाही, नोकरशाहीच्या कारखान्यात उद्दिष्टाच्या आकड्यापुढे दिसत नाही. म्हणून मालकीच्या प्रश्नाला लोकशाही नियंत्रणाची आणि उघड्या हिशेबाची जोड हवी. आपल्याकडे डॉ. राममनोहर लोहियांनी १९५८ सालीच नद्या स्वच्छ करण्याचा प्रश्न राजकीय कार्यक्रम म्हणून मांडला होता. त्या वेळी पुष्कळांना ते विक्षिप्त वाटले असेल.

कायद्याची चढउतार

कायद्याच्या बाबतीत महाराष्ट्र एके काळी पुढे होता. देशाचा कायदा होण्यापूर्वीच, १९६९ साली, राज्याने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापले. केंद्राचा जलकायदा १९७४ चा. तो महाराष्ट्राने १९८१ साली स्वीकारला. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या वायूने हजारो माणसे मारली, तेव्हा कोठे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील बिछडी आणि तामिळनाडूतील वेल्लोर ह्या प्रकरणांत 'जो दूषित करील तो भरील' हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग म्हणून मान्य केले.

त्यानंतर उताराची दिशा पुन्हा बदलली. प्रदूषणकारी उद्योगांना नदीपासून ठरावीक अंतरावर ठेवणारे नदी नियमन क्षेत्र धोरण महाराष्ट्राने २००० साली आणले होते; फेब्रुवारी २०१५ मध्ये शासनाने ते रद्द केले. २०२३ च्या 'जनविश्वास' कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील पाच वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. २०२४ साली संसदेने जलकायद्यातही त्याच वळणाची दुरुस्ती केली. मोठ्या कारखान्याला पंधरा लाखांचा दंड म्हणजे काय? शुद्धीकरणाच्या खर्चापेक्षा दंड स्वस्त पडला, की तो दंड राहत नाही, ते घाण सोडण्याचे भाडे होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ साली देशात नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे मोजले. त्यांतले ५५ एकट्या महाराष्ट्रात होते, सर्व राज्यांत सर्वाधिक. उद्योगात पहिला क्रमांक मिरवणाऱ्या राज्याने हाही पहिला क्रमांक विसरू नये.

घाट आधी की पाणी आधी?

अशा स्थितीत पुण्यात नदीकाठ सुधारणेचा प्रकल्प हाती घेण्यात आला. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा ह्यांच्या ४४ किलोमीटर काठावर चार हजार कोटींहून अधिक खर्च करून बांध, पदपथ आणि उद्याने करावयाची. पाणी स्वच्छ करण्यासाठी ९९० कोटी आणि काठ सजवण्यासाठी चार हजार कोटी, हे प्रमाणच पुरेसे बोलके आहे. सुधारलेल्या काठाला लागून जमिनीचे भाव वाढतात, ही अर्थशास्त्रातील अगदी प्राथमिक गोष्ट होय. पात्राला बंदिस्त केल्याने पूर वाढेल आणि काठची झाडे जातील, अशा शंका नागरिकांनी व तज्ज्ञांनी मांडल्या. एप्रिल २०२३ मध्ये पुणेकर ह्या झाडांसाठी रस्त्यावर उतरले. पण ऐकणार कोण? मार्च २०२२ नंतर दीर्घ काळ पुणे व पिंपरी-चिंचवड ह्या दोन्ही महापालिकांत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. प्रशासक कारभार पाहत होते. हजारो कोटींचे निर्णय झाले आणि मतदाराला आपल्या नगरसेवकाची बाही धरण्याचीही सोय राहिली नाही. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी घुसले. बोपोडी आणि पाटील इस्टेटच्या झोपडपट्ट्यांना तर हे नवीन नाही.

दोन नेहमीचे आक्षेप

पहिला आक्षेप असा की, गरिबी हीच सर्वांत मोठी प्रदूषक आहे. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत इंदिरा गांधींनी गरिबी आणि प्रदूषण ह्यांचा संबंध जोडला, त्यामागे गरीब देशांच्या विकासाची रास्त चिंता होती. पण आपल्याकडे त्या विधानाचा उपयोग झोपडीकडे बोट दाखवण्यासाठी होऊ लागला. वस्तुस्थिती उलट आहे. ज्या घरात नळाचे पाणी चार हंडे येते, त्या घरातून सांडपाणी ते कितीसे निघणार? मैलापाणी वाढते ते भरपूर पाणी वापरणाऱ्या घरांतून. शौचालय नसणे हा झोपडीतल्या माणसाचा गुन्हा नाही, तो नगरपालिकेने न भरलेला खर्च आहे.

दुसरा आक्षेप आपल्या कामगार मित्रांकडून येतो, आणि तो मी अधिक गांभीर्याने घेतो. कारखान्याला पर्यावरणाच्या नावाखाली टाळे लागले, तर आम्ही खायचे काय? ही भीती निराधार नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १६८ घातक उद्योग हलवण्याचा आदेश दिला. कामगारांना वेतन व भरपाई देण्याचे त्यात म्हटले होते, तरी प्रत्यक्षात पुष्कळांच्या नशिबी बेकारी आली. म्हणून कारखाना बंद करा अशी घोषणा देऊन मोकळे होणारा पर्यावरणवाद आपला नव्हे. परंतु हेही लक्षात घ्या की, जी वाफ बाहेर पडून वस्तीला त्रास देते, ती आधी यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या छातीत जाते. मालक ज्या पाण्यावर पैसा वाचवतो, ते पाणी कामगाराच्याच चाळीच्या मागून वाहते. पुण्यातच ह्याचे एक आशादायक उदाहरण आहे. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि २००८ पासून कचरावेचकांच्या 'स्वच्छ' ह्या सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम महापालिकेबरोबर करार करून घेतले. जिला शहर हाकलून देत होते, तिने शहराचा कचरा वर्गीकरण करून कमी केला आणि त्याबद्दल हक्काने मोबदला मागितला. श्रमाची प्रतिष्ठा आणि पर्यावरण ह्यांचे हित एक होऊ शकते, हे ह्या बायकांनी कोणताही ग्रंथ न वाचता दाखवून दिले.

खडकीचे काम

मग आपण करावे काय? खडकीची अडचण अशी की, नदीच्या ह्या लहानशा पट्ट्याला पुष्कळ मालक आहेत. एका बाजूस पुणे महापालिका, दुसऱ्या बाजूस पिंपरी-चिंचवड, मध्ये कॅन्टोन्मेंट, लष्कर आणि रेल्वे. शिवाय पाटबंधारे खाते आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ. तक्रार घेऊन गेलात, की प्रत्येक कचेरी शेजारच्या कचेरीचा पत्ता सांगते. घाणीला हद्द नाही, जबाबदारीला मात्र आहे.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. पहिली, दापोडीपासून संगमापर्यंत नदीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याची कार्यकर्त्यांनी स्वतः चालत जाऊन नोंद करावी : तो कोणाच्या हद्दीतून येतो, कोरड्या ऋतूत किती वाहतो, रंग व वास कसा आहे. दुसरी, प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीच्या पाण्याची जी तपासणी करते, तिचे आकडे वस्तीवस्तीत मराठीत फलकावर लागावेत, अशी मागणी करावी. ते लावत नसतील, तर आपण लावावेत. तिसरी, मैलापाण्याचा शेवटचा थेंब शुद्ध होईपर्यंत काठाच्या सुशोभनावर रुपया खर्च होऊ नये. चौथी, पूररेषेतील झोपड्या हलवावयाच्या असतील, तर रोजगाराजवळ पक्की घरे आधी द्यावीत, आणि पूररेषेतील श्रीमंतांच्या बांधकामांना तोच कायदा त्याच दिवशी लावावा. पाचवी, कामगार संघटनांनी वेतनकराराच्या मागणीपत्रात सांडपाण्याच्या यंत्रणेचा समावेश करावा. ती बंद ठेवल्याची माहिती देणाऱ्या कामगाराला संरक्षण आणि टाळे लागल्यास पूर्ण पगार, ही कलमे त्यात असावीत. सहावी व सर्वांत महत्त्वाची : सबंध भीमा खोऱ्याची एक समिती असावी आणि तीत दौंड, इंदापूर, पंढरपूर, सोलापूर येथील लोकांना अधिकाराने बसता यावे. ज्याच्या ताटात आपली घाण पडते, त्याला आपल्या नाल्याबद्दल बोलण्याचा हक्क नाही, ही कोणती लोकशाही?

ह्या कामात झगमगाट नाही. वासाच्या नाल्याकाठून वही घेऊन हिंडावे लागेल, कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतील. परंतु खर्च कोणी केला आणि कोणाच्या नावावर टाकला, हे एकदा नाव-गाव-आकड्यांसह चव्हाट्यावर आले, की 'मानवाने निसर्गाची हानी केली' ह्या मोघम वाक्याआड कोणाला लपता येणार नाही. मुळशीच्या शेतकऱ्यांनी आमच्या जमिनी आम्हाला विचारल्यावाचून कोण घेतो, असे विचारले होते. खडकीच्या लोकांनी आमच्या नदीत आम्हाला विचारल्यावाचून कोण काय सोडतो, असे विचारावयास हवे. नाल्यांची पहिली नोंद येत्या उन्हाळ्यापूर्वी, पाणी ओसरलेले असतानाच, पुरी करावी, एवढी विनंती करून मी आपले भाषण संपवतो.